नुसतं पडू द्या

कॅक्टसची फांदी लावायची असेल तर पहिला आठवडाभर काही म्हणजे काही करायचं नसतं. फांदी कापायची, सावलीत कागदावर ठेवायची आणि आपल्या कामाला लागायचं. बागकामात याहून सोपी कृती नसेल, आणि मराठी घरात याहून अवघडही नसेल. आपल्याकडे चिरलेली हिरवी वस्तू एकतर फोडणीत पडते, नाहीतर ओल्या कचऱ्यात. फ्रिजच्या डोक्यावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर काही न होता पडून राहिलेली हिरवी वस्तू दिसली, की येणाऱ्याजाणाऱ्याचे हात शिवशिवायला लागतात.

आमच्याकडे हा उद्योग नवऱ्याचा. मी त्यात पडत नाही, नुसती बघते. पण एका घरात राहून बघत राहिलं की जेवढं कळायला नको तेवढं कळायला लागतं.

"अरे, सुकतंय ते. निदान पाण्यात तरी ठेव," सासूबाई म्हणतात.

"आई, सुकायलाच ठेवलंय."

यावर सासूबाई त्याला काही म्हणत नाहीत. माझ्याकडे बघतात. एवढा शिकवलेला मुलगा असं काही बोलला की त्या नेहमी माझ्याकडेच बघतात.

त्याचं म्हणणं खरं असतं, ही त्यातली वाईट गोष्ट. कॅक्टसच्या अंगात पाणी भरलेलं असतं. कापल्या कापल्या तुकडा मातीत खोचला तर मातीतली बुरशी उघड्या जखमेतून सरळ आत शिरते आणि खालून वर कुजत जाते. वरून मात्र सगळं हिरवंगार, टवटवीत. पाहुणे "वा, छान लागलंय" म्हणून जातात आणि चार दिवसांनी बोट लावलं की आख्खा खांब मऊ पडून कलंडतो. म्हणून आधी जखमेवर खपली धरू द्यायची. करंगळीएवढ्या तुकड्याला तीन-चार दिवस पुरतात, मनगटाएवढ्या खांबाला दोन-तीन आठवडेही लागतात. खपली धरताना बुडाचा मधला भाग आत खचतो आणि कडेची साल आत वळते. मुळं फुटतात ती मधल्या गोल कड्याजवळून, तेव्हा ही साल त्यांच्या वाटेत येऊ नये म्हणून जाड जातींचं बूड कडेनं तासून घेतात, पेन्सिलीला टोक काढतात तसं. हे तासकाम नवरा जेवणाच्या टेबलावर करतो, माझ्या भाजीच्या सुरीनं. सुरी आधी स्पिरिटनं पुसून घेतो. नंतरही पुसायची असते, हे त्याच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

जखम म्हटली की उपचार आलाच. सासूबाई हळद सुचवतात. कामाला येणाऱ्या मावशी म्हणतात, चुलीतली राख, ती ठाण्याच्या चौथ्या मजल्यावर कुठून आणायची हे विचारलं तर म्हणतात, "मग आमच्या गावाला लावा की." परदेशातले लोक दालचिनीची पूड लावतात, तेव्हा नवरा दालचिनीच्या बाजूचा. तळमजल्यावरचे काका बुरशीनाशकाच्या पुडीशिवाय बोलत नाहीत. एका बिचाऱ्या तुकड्याला एकाच संध्याकाळी हळदही लागली आणि दालचिनीही. थोडं तेल आणि मीठ पडलं असतं तर पानात वाढता आला असता. यात अतिशयोक्ती नाही. मेक्सिकोत फड्या निवडुंगाच्या कोवळ्या फड्या काटे तासून, चिरून, तव्यावर परतून रोजच्या जेवणात खातात. हे मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

पडून राहिलेल्या तुकड्यांची आणखी एक गंमत असते. पाच-सहा तुकडे एकत्र वाळत ठेवले की दोन दिवसांनी कुठलं टोक वरचं आणि कुठलं खालचं ते ओळखू येत नाही. आपल्याला येत नाही, कॅक्टसला पक्कं येतं. मुळं फुटतात ती बुडाकडून. उलटा लावलेला तुकडा खाली डोकं वर पाय करून तसाच ताटकळत राहतो. म्हणून प्रत्येकावर स्केच पेननं बाण काढायचे. आमच्या फ्रिजवर बाण काढलेल्या हिरव्या कांड्यांची रांग बघून गॅस सिलिंडर आणणाऱ्या माणसानं मला हळूच विचारलं होतं, "ताई, कुणी काही केलंय का घरावर?"

मुहूर्ताचंही असंच उलटं आहे. झाड लावायचं म्हटलं की आपल्याला मृग आठवतो. पहिला पाऊस पडला की माणसं शेजाऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद, गच्चीवरचा मोगरा, जे हाताला लागेल ते मोडून आणतात आणि खोचतात, आणि पाऊस ते जगवतोही. जूनमध्ये खोचलेल्या कॅक्टसचा मात्र ठाण्याच्या हवेत जुलैपर्यंत लगदा होतो. त्याला हवी कोरडी हवा आणि चढतं ऊन. म्हणजे आपल्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल. नेमकी तेव्हा सोसायटीत पाणीकपात सुरू असते, बाकी सगळ्यांची तुळस करपलेली असते आणि लोक एकमेकांच्या खिडकीकडे बघून हळहळत असतात. त्या दिवसांत ज्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसेल तो कॅक्टसवाला समजावा. पाणीकपातीचं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लागलं की आमच्याकडे उत्साहानं कात्री शोधली जाते.

झाडाची तब्येतच अशी उफराटी. इतर झाडं दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडून हवा आत घेतात. कॅक्टस दिवसा ती बंद ठेवतो, म्हणजे उन्हात पाणी उडत नाही, आणि रात्री गार पडल्यावर उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून घेतो. दिवसा त्या साठ्यावर अन्न शिजवतो. कायमची रात्रपाळी. सासूबाईंनी हे ऐकल्यावर एकदा रात्री अकराला उठून त्याला पाणी घातलं. "जागा असेल म्हणून," म्हणाल्या.

आता माती. कॅक्टसवाल्यांपुढे 'माती' हा शब्द उच्चारू नये, त्यांचा चेहरा पडतो. ते 'मीडिया' म्हणतात. थोडी लाल माती, भरपूर जाड वाळू, विटांचा चुरा, पांढऱ्या मण्यांसारखं दिसणारं परलाइट, चिमूटभर जुनं शेणखत. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं, आणि दुसऱ्याचं चुकीचं. तत्त्व एकच, की वरून घातलेलं पाणी मातीत न रेंगाळता खालच्या भोकातून लगेच बाहेर पडलं पाहिजे. एवढ्या एका वाक्यासाठी दोन सज्जन माणसं आमच्या दिवाणखान्यात तासभर भांडली आहेत आणि तिसरे पोहे खात बसले आहेत.

विटांची ददात नाही. ठाण्यात दर तिसरी इमारत पुनर्विकासाला गेलेली असते. ऑफिसातून येताना इस्त्रीचा शर्ट घातलेला मध्यमवयीन गृहस्थ राडारोड्याच्या ढिगातून वीट निवडून, फुंकर मारून, लॅपटॉपच्या बॅगेत घालताना दिसला तर तो आमचाच. घरी आल्यावर वीट फोडायची ती माझ्या खलबत्त्याच्या दस्त्यानं. चुरा चाळायचा तो माझ्या पिठाच्या चाळणीनं. काटेरी तुकडा धरायला सांडशी. लहान पिल्लू उचलायला पोळ्या भाजायचा चिमटा. वर्षभरात माझं अर्धं स्वयंपाकघर खिडकीच्या ग्रिलमध्ये नांदायला गेलं. शेवटी मी सगळ्याचा दुसरा संच आणला आणि जुन्यावर तेलरंगानं 'काटे' असं लिहिलं. हल्ली नवऱ्याला नवा संचच जास्त आवडतो.

जाड काट्यांचा खांब धरायला खरं अवजार वर्तमानपत्र. चार घड्या घालून पट्टी करायची, खांबाभोवती गुंडाळायची आणि दोन्ही टोकं मुठीत धरायची. नवऱ्याचा अनुभव असा, की यासाठी संपादकीय पान उत्तम. पुरवणीचा कागद गुळगुळीत, घसरतो. अग्रलेख मात्र कसलाही काटा आरपार जाऊ देत नाही.

एवढं करून तुकडा एकदाचा कुंडीत बसला की पुन्हा काही करायचं नसतं. मुळंच नाहीत तर पाणी पिणार कोण? तेव्हा दोन आठवडे कोरडं ठेवायचं, मग जरासं शिंपडायचं, आणि मुळं धरेपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो. या महिना-दीड महिन्यात माणसाची खरी परीक्षा होते. पाणी घालायचं नाही, खत घालायचं नाही, बोलायचं तर किती बोलणार? मग उपटून बघायचा मोह होतो. हलकेच ओढून बघायचं, अडलं तर मुळं धरली, असा संकेत आहे. पण 'हलकेच' म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही, आणि सोमवारी अडलेलं मंगळवारीही अडतंय का ते बघावंसं वाटतं. केसांएवढी नवी मुळं अशा तपासणीत तुटतात, मग पुन्हा नव्यानं फुटतात, पुन्हा तपासणी होते. आमच्या माहितीत एक कॅक्टस असा आहे, की तो गेले कित्येक रविवार मुळं धरण्याच्या बेतात आहे.

याच्या उलट एक तुकडा आमच्या कपड्यांच्या मशीनमागे पडला. कुणाला पत्ता नाही. मशीन दुरुस्त करायला माणूस आला, त्यानं मशीन ओढलं तर भिंतीशी तुकडा मजेत, बुडाला गुलाबी-पांढरी मुळं, टोकाला नवी वाढ फिकट पोपटी. माती नाही, हळद नाही, दालचिनी नाही. नवऱ्यानं तो उचलून सन्मानानं मीडियात लावला आणि पाणी घातलं. तो गेला.

काट्यांबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे, की मोठा काटा वाईट. मोठा काटा सभ्य असतो. तो दुरून दिसतो, टोचतो आणि विषय संपतो. भीती बाळगावी ती ज्याला काटेच दिसत नाहीत त्याची. नर्सरीत 'बनी इअर' नावानं मिळणारा फड्या निवडुंगाचा धाकटा भाऊ हा त्यातला म्होरक्या. दोन गोल फड्या, त्यावर पिवळट ठिपके, मखमलीचे असावेत तसे. पोरंटोरं कुरवाळायला जातात. त्या एकेका ठिपक्यात शेकडो सूक्ष्म कुसळं असतात, प्रत्येकाला उलटे दात, आणि ती सुटायला नुसता स्पर्श पुरतो.

तळमजल्यावरच्या काकांनी याची एक फडी मागितली आणि नवरा अग्रलेख शोधायला आत गेला तेवढ्यात दोन बोटांत धरून पिरगळून घेतली सुद्धा. बँकेतून निवृत्त झालेले काका. नोटा मोजून त्यांची बोटं निबर झालेली, निदान त्यांचा तसा समज. पाच मिनिटांनी ते दिव्याखाली बसले. उजव्या हाताच्या तर्जनीवर सोनेरी लव उगवल्यासारखी दिसत होती. पेपर वाचायचं भिंग डाव्या हातात, सुनेचा भुवयांचा चिमटा उजव्या हातात. पण कुसळं उजव्या हातालाच, तेव्हा चिमटा डाव्या हातात आला आणि भिंग धरायला काकूंना बोलावलं. चिमट्यानं एक निघे, दुसरं मोडे. सेलोटेप लावून ओढली, काही निघाली. शेवटी पोरांच्या दप्तरातला पांढरा गोंद बोटांवर थापून, वाळवून, त्याची सालपटं ओढली. हा उपाय खरोखर चालतो. काका खूश झाले, उठले, हात धुतले आणि टॉवेलला पुसले. तो टॉवेल त्या घरात सगळ्यांचा होता. पुढचे तीन दिवस त्या कुटुंबातली माणसं वेगवेगळ्या जागी खाजवत होती आणि एकमेकांना कारण सांगत नव्हती.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या घरी असलं काही चालत नाही. काटेरी झाड घरात ठेवलं की कटकटी येतात, असं त्यांना वास्तुशास्त्रवाल्यांनी सांगितलंय. गुलाबाला सूट आहे. मुलाला ऑफिसात वाढदिवसाला मिळालेला लाल टोपीचा चिमुकला कॅक्टस त्यांनी त्याच रात्री जिन्यात नेऊन ठेवला. (त्यातली लाल टोपी म्हणजे एक कॅक्टस आणि खालची हिरवी कांडी म्हणजे दुसरा, लाल टोपीत हरितद्रव्य नसतं, तिला स्वतःचं अन्न करता येत नाही, म्हणून ती खालच्याच्या जिवावर जगते. काकूंना हे कळलं असतं तर त्यांनी खालच्याला तरी आत घेतलं असतं.)

याच काकूंच्या गॅलरीत एका जुन्या तेलाच्या डब्यात ब्रह्मकमळ आहे. ऑगस्टमध्ये कळ्या मोठ्या झाल्या की सोसायटीच्या ग्रुपवर निरोप येतो: "आज रात्री आमच्याकडे ब्रह्मकमळ उमलणार आहे. सर्वांनी दर्शनास यावे. चपला जिन्यात काढाव्यात." सोबत हे फूल चौदा वर्षांतून एकदाच उमलतं, असा मजकूरही येतो. तो त्या दर वर्षी पाठवतात.

दृश्य मात्र बघण्यासारखं असतं, यात वादच नाही. दिवसभर खाली लोंबणाऱ्या कळीनं तोवर मान वळवून तोंड वर केलेलं असतं. आठ-साडेआठला बाहेरच्या तांबूस पट्ट्या सुट्या होतात. मग आतला पांढरा रंग दिसायला लागतो आणि सगळ्या गॅलरीभर वास पसरतो. दहाच्या पुढे फूल बशीएवढं होतं. आत पिवळसर पुंकेसरांचा दाट झुबका, आणि मधून एक लांब पांढरी दांडी, टोकाला चांदणी. सकाळपर्यंत त्याची ओली चिंधी झालेली असते. तेव्हा मध्यरात्रीच हळदकुंकू वाहायचं, निरांजन ओवाळायचं. ब्रह्मकमळाची अशी खास आरती नाही, म्हणून गणपतीपासून सुरू करून देवी, शंकर असं करत विठ्ठलापर्यंत जायचं. मग कॉफी.

आरतीचं तबक फिरत असताना नवरा म्हणाला, "काकू, हा कॅक्टस आहे."

टाळ्या थांबल्या. काकूंनी तबक खाली ठेवलं नाही, पण धरलंही नाही धड.

"काटे कुठे आहेत त्याला?"

मग त्यानं सुरुवात केली. आपण पान म्हणतो ते पान नव्हे, चपटं झालेलं खोड. त्याच्या कडेला ज्या खाचा आहेत तिथे कॅक्टसच्या घराण्याची खूण असलेली बारीक गादी असते. कॅक्टसला काटे फुटतात ते त्याच गादीतून, फुलं आणि फांद्याही तिथूनच. हा वाळवंटातला नाही, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या दमट जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारा, म्हणून काटे सोडलेला. खरं ब्रह्मकमळ हिमालयात फार उंचावर उगवतं, उत्तराखंडाचं राज्यपुष्प ते, आणि ते सूर्यफुलाच्या आणि झेंडूच्या कुळातलं. बोलण्याच्या भरात त्यानं हेही सांगून टाकलं, की आपल्या सह्याद्रीत दिसणारा, मोडला की पांढरा चीक येणारा त्रिधारी निवडुंग कॅक्टस नाहीच. तो वेगळ्याच कुळातला, आणि तो चीक डोळ्यांत गेला तर पंचाईत. थोडक्यात, काकू ज्याला निवडुंग म्हणून हाकलत होत्या त्यातले काही कॅक्टस नव्हते आणि ज्याला ओवाळत होत्या तो होता.

काकू शांतपणे ऐकत होत्या. "म्हणजे तुमच्या खिडकीत जे आहेत, ते सगळे याचे भाऊबंद?"

"हो."

"मग त्यांना असं फूल का येत नाही?"

कॉफी आली. नवऱ्यानं दोन कप घेतले.

त्याच रात्री पानांचं वाटप झालं. काकूंनी कात्रीनं वीतभर लांबीचे तुकडे करून एकेकाच्या हातात प्रसाद द्यावा तसे दिले. नवऱ्यानं दबक्या आवाजात सुचवलं, की दोन दिवस सुकू द्यावेत. कुणीही ऐकलं नाही. ऐन श्रावणात, धो धो पावसात, ओल्या चिखलात लोकांनी ते तुकडे खोचले आणि सगळे लागले. जंगलातल्या जातीला ओल चालते, हे शास्त्राला धरूनच आहे. पण एखाद्या माणसानं वर्षानुवर्षं मीडिया चाळावा आणि शेजाऱ्यांनी दह्याच्या डब्यात चिखल भरून बाजी मारावी, हे शास्त्रानं समजावून सांगितलं तरी पचायला वेळ लागतो.

एक पान मात्र वाटपाच्या आधीच गेलं होतं. कुणी मोडलं ते काकूंनी शोधलं नाही, कारण चोरून नेलेली फांदी जास्त चांगली लागते यावर त्यांचाही विश्वास आहे. हा समज आपल्याकडे मनीप्लांटपासून सगळ्यांना लागू असतो. त्याची परदेशातली हद्द म्हणजे, २०२० साली इटलीच्या पोलिसांना एका घरात चिलीच्या वाळवंटातले हजारावर दुर्मीळ कॅक्टस सापडले, आणि त्यातले शेकडो पुढच्या वर्षी चिलीला परत पाठवावे लागले. आमच्याकडे प्रकरण जिन्यातल्या कुंड्यांपुरतं असतं, पण नजर तीच.

काकू चतुर्थीच्या उपासाला हल्ली ड्रॅगन फ्रूट खातात. तोही कॅक्टसच. सांगली-सोलापूरकडे सिमेंटचे खांब रोवून, डोक्यावर सिमेंटचं कडं बसवून शेतकरी त्याच्या बागा करतात, आणि लावतात फांदीच्या तुकड्यांवरूनच. गुजरात सरकारनं २०२१ मध्ये त्याचं नाव 'कमलम्' ठेवलं. हे काकूंना सांगायला नवरा निघाला होता. मी त्याला दारातून परत आणला.

या सगळ्या धावपळीकडे बाजूला उभं राहून बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. कॅक्टसला तुकडा होऊन पडायची सवय आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला चोया नावाचे निवडुंग असतात. त्यांची पेरं इतकी सैल जोडलेली, की जवळून जाणाऱ्या कुत्र्याच्या, गुराच्या अंगाला पेर चिकटतं, लांब कुठेतरी गळून पडतं आणि तिथे मुळं धरतं. बियांच्या भानगडीत ते फारसे पडतच नाहीत. थोडक्यात, त्यांना हवा असतो फक्त कुणीतरी नेणारा. हळद, मीडिया आणि संपादकीय पान हे सगळं आपल्या समाधानासाठी. कॅक्टसच्या लेखी माझा नवरा आणि ते कुत्रं एकाच कामावर आहेत.

आणि हे काम किती जोरात होऊ शकतं ते ऑस्ट्रेलियाला विचारावं. १७८८ साली गोऱ्या वसाहतीच्या पहिल्या जहाजांबरोबर फड्या निवडुंग तिथे गेला, तो त्यावर पोसल्या जाणाऱ्या किड्यांपासून लाल रंग काढून सैनिकांचे डगले रंगवावेत म्हणून. पुढे कुंपणाला बरा म्हणून आणखी जाती गेल्या. मग एक फडी मोडून पलीकडे पडली, तिची चार झाली, आणि १९२०च्या दशकात सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन निवडुंगाखाली गेलेली होती. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त. तोडला तर प्रत्येक तुकड्याला मुळं फुटत. शेवटी अर्जेंटिनाहून एका पतंगाची अंडी आणून १९२६पासून सोडली. त्याच्या अळ्यांनी फड्या आतून पोखरून काही वर्षांत रान मोकळं केलं. कृतज्ञ शेतकऱ्यांनी क्वीन्सलँडमध्ये बूनार्गा इथे १९३६ साली त्या पतंगाच्या नावानं सभागृह बांधलं. अळीच्या स्मरणार्थ हॉल! आपल्याकडे हयात नगरसेवकाला सुद्धा एवढं सहज मिळत नाही.

लाल रंगाच्याच लोभानं ईस्ट इंडिया कंपनीनंही १७९५च्या सुमारास किडे मागवले होते. आले ते भलत्याच जातीचे. रंग धड मिळाला नाही, पण त्यांनी इथला निवडुंग मात्र खाऊन फस्त केला. हे किडे आपल्या कुंड्यांवर कापसासारखे दिसणाऱ्या पिठ्या ढेकणांचे लांबचे नातेवाईक. पिठ्या ढेकूण दिसला की नवरा कापूस स्पिरिटात बुडवून एकेकाला टिपत बसतो. त्याला इतिहासाची जाण नाही.

आमच्या खिडकीचा ऑस्ट्रेलिया व्हायला वेळ लागला नाही. फांद्या जगत नाहीत, ही तक्रार सुरुवातीची. खरी पंचाईत त्या जगायला लागल्यावर होते. एका गोल कॅक्टसला बुडाशी पिल्लं येतात, ती काढून लावायची, तर त्यांना पिल्लं. टाकून देववत नाहीत, आणि टाकली तरी मरतील याची खात्री नाही. मग वाटप सुरू होतं. पहिली खेप नातेवाइकांना, नवऱ्याच्या बहिणीनं दोन नेल्या, तिसऱ्या वेळी म्हणाली, "दादा, अरे घर लहान आहे आमचं." दुसरी ऑफिसात, तिथे आता प्रत्येक टेबलावर एक आहे आणि एकावर दोन, कारण तो मुलगा नवा आहे आणि त्याला नाही म्हणता आलं नाही. भाचीच्या वाढदिवसाला रंगवलेल्या कपांतून रिटर्न गिफ्ट म्हणून दिले. आयांनी हसून घेतले आणि त्यातले काही लिफ्टमध्ये राहिले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यावेत, अशी एक कल्पना घरात निघाली. सासूबाईंनी ती जागीच मोडली. "सवाष्णींच्या ओटीत काटे घालणार का?" मी म्हटलं, ब्रह्मकमळाची पानं देऊ. त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, ती आता सगळ्यांकडे झाली आहेत, प्लास्टिकचे डबेच बरे.

शेवटी एका शनिवारी रात्री नवऱ्यानं डझनभर कुंड्या तळमजल्यावर जिन्याखाली मांडल्या आणि वर पाटी लावली: "कृपया घेऊन जा. मोफत. पाणी घालू नये." रविवारी सकाळी तो चहा न पिताच खाली गेला आणि वर येऊन म्हणाला, की एकही गेलेली नाही. उलट एका डब्यात फड्या निवडुंगाचं पिल्लू, लाल टोपीचा तो चिमुकला आणि ब्रह्मकमळाची तीन पानं, असं कुणीतरी त्याच्या पाटीखाली आणून ठेवलंय.

"तुकडे ताजे आहेत," तो म्हणाला. "फ्रिजवर जागा कर जरा."